टस्कीगीच्या विटा : एक कॅम्पस, जो विद्यार्थ्यांनी स्वतःच बांधला

(आजच्या भागाचं शब्दांकन. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायचा कंटाळा आला तर प्ले करा.)

सुरुवातीलाच एक प्रश्न. 'एक होता कार्व्हर' किती जणांनी वाचलंय? वीणा गवाणकरांचं. शाळेत बक्षीस म्हणून मिळालं असेल, नाहीतर ताई-दादाच्या कपाटात सापडलं असेल. वाचलं असेल तर 'टस्कीगी' हे नाव तुमच्या ओळखीचं आहे. शेंगदाण्यावर, रताळ्यावर प्रयोग करणारे डॉ. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९६ मध्ये तिथे शिकवायला गेले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले.

कार्व्हरांची गोष्ट आपल्याला पाठ असते, पण ती जागा? तिथल्या इमारती? त्यांच्याकडे आपण नीट बघितलेलंच नसतं. म्हणून आज त्या कॅम्पसवर एक चक्कर मारू. हेडफोन लावा, चला.

आधी थोडं बॅकग्राउंड

टस्कीगी हे अमेरिकेच्या दक्षिणेतलं, अलाबामा राज्यातलं छोटं गाव. तिथलं विद्यापीठ 'एचबीसीयू' या गटात मोडतं, म्हणजे ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीयांसाठी सुरू झालेलं कॉलेज. अशी साधारण शंभर कॉलेजं आजही अमेरिकेत आहेत. गोऱ्यांच्या कॉलेजांची दारं बंद होती, म्हणून ही वेगळी उभी राहिली.

काळ लक्षात घ्या. अलाबामात १८३२ पासून गुलामांना लिहा-वाचायला शिकवणं हा कायद्याने गुन्हा होता. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली. आपल्याकडे महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं आणि ते अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. त्यानंतर आठच वर्षांनी, ४ जुलै १८८१ ला, टस्कीगीची शाळा सुरू झाली.

ती सुरू झाली तीही मतांच्या हिशोबातून. गावात लुईस अॅडम्स नावाचे कारागीर होते. टिनकाम, चामड्याचं काम करायचे. स्वतः गुलामगिरीत जन्मलेले. निवडणुकीला उभा असलेला एक गोरा उमेदवार त्यांच्याकडे कृष्णवर्णीयांची मतं मागायला आला. अॅडम्स म्हणाले, बदल्यात आमच्या मुलांसाठी शाळा द्या. उमेदवार निवडून आला आणि राज्याने वर्षाला २,००० डॉलर मंजूर केले. पण ते फक्त शिक्षकांच्या पगारासाठी. जमीन नाही, इमारत नाही, एक बाकसुद्धा नाही.

थांबा पहिला : छत्रीखालचा वर्ग

शाळा चालवायला बोलावलं बुकर टी. वॉशिंग्टन यांना. वय २५. तेही गुलामगिरीत जन्मलेले. पहिल्या दिवशी ३० विद्यार्थी आले. वर्ग कुठे? एका चर्चजवळच्या मोडक्या खोपटात. छप्पर इतकं गळकं, की पाऊस आला की एखादा मोठा विद्यार्थी पुस्तक बाजूला ठेवून सरांच्या डोक्यावर छत्री धरायचा आणि सर शिकवत राहायचे. हे वॉशिंग्टन यांनी स्वतःच आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय.

काही महिन्यांत त्यांनी गावाबाहेर शंभर एकर जमीन ५०० डॉलरना घेतली. अर्धे पैसे उसने आणले, उरलेले जमवायला ऑलिव्हिया डेव्हिडसन या शिक्षिका घरोघर फिरल्या. आणि ती जमीन होती एका जुन्या प्लँटेशनची. म्हणजे जिथे गुलामांना राबवून शेती केली जायची, तीच. मालकाचा वाडा जळून गेलेला होता. उरलं होतं एक खोपट, स्वयंपाकघर, तबेला आणि कोंबड्यांचं खुराडं. मग काय, तबेला आणि खुराडं झाडून-पुसून तिथे वर्ग भरायला लागले.

थांबा दुसरा : वीटभट्टी आणि गहाण पडलेलं घड्याळ

आता खरी गोष्ट सुरू होते. इमारती बांधायच्या तर विटा हव्यात, आणि विटा विकत घ्यायला पैसे नाहीत. वॉशिंग्टन म्हणाले, आपणच विटा पाडू.

तुमच्या गावाजवळ वीटभट्टी असेल तर तुम्हाला कल्पना असेल, हे काम दिसतं तितकं सोपं नसतं. माती कुठली घ्यायची, किती मळायची, विटा किती वाळवायच्या, भट्टी कशी रचायची, आच किती दिवस ठेवायची... एक गोष्ट चुकली की सगळा माल वाया. इथे तर कुणालाच यातलं काही येत नव्हतं. गुडघाभर चिखलात उभं राहून माती तुडवायची. काही मुलं वैतागून शाळा सोडून गेली.

पहिली भट्टी लावली, सुमारे २५,००० विटांची. फसली. दुसरी लावली. तीही फसली. तिसरी जवळपास आठवडाभर जळत होती, आता जमलं असं वाटत असतानाच मध्यरात्री ढासळली. खिसा रिकामा. सहकारी म्हणाले, सोडा आता. तेव्हा वॉशिंग्टन माँटगोमेरी शहरात गेले, स्वतःचं घड्याळ १५ डॉलरवर गहाण ठेवलं आणि त्या पैशांतून चौथी भट्टी लावली. ती जमली. घड्याळ मात्र त्यांना परत कधी सोडवता आलं नाही.

पुढे १९०० च्या आसपास याच शाळेत एका हंगामात बारा लाख विटा पडायला लागल्या. गंमत म्हणजे, ज्या गोऱ्या शेजाऱ्यांना ही शाळाच नको होती, तेही इथे विटा विकत घ्यायला यायचे, कारण आसपास तसा माल मिळत नव्हता. पहिल्या वीसेक वर्षांत लहान-मोठ्या चाळीस इमारती झाल्या आणि त्यातल्या चार सोडून बाकी जवळपास सगळ्या विद्यार्थ्यांच्या हातच्या.

पण हे सगळ्यांना आवडत होतं का? अजिबात नाही. पालक पत्रं पाठवायचे, भेटायला यायचे. त्यांचं म्हणणं सरळ होतं : पोराला पुस्तकं शिकायला पाठवलंय, राबायला नाही. आणि त्यांचं चुकत होतं का? ज्यांच्या आधीच्या पिढ्या फुकट राबण्यातच संपल्या, त्यांना आपल्या मुलाच्या हातात पुन्हा चिखल बघवेल कसा? वॉशिंग्टन यांचं उत्तर असं, की फी भरायची ऐपत नसलेल्या मुलाला इथे कामातून शिक्षणाचा खर्च फेडता येतो, हातात कसब येतं, आणि आपण बांधलेल्या भिंतीकडे तो वेगळ्या नजरेने बघतो. ते एक किस्सा सांगायचे. एखादा नवा विद्यार्थी भिंतीवर पेन्सिलने काही खरडायला लागला की जुना विद्यार्थी त्याला अडवायचा : ही आपली इमारत आहे, मी बांधलीये.

हा वाद लक्षात ठेवा. शेवटी परत याच्याकडे यायचंय.

थांबा तिसरा : नकाशे काढणारा माणूस

विटा झाल्या, पण आराखडा कोण काढणार? १८९२ मध्ये रॉबर्ट टेलर नावाचा तरुण इथे आला. एमआयटी या नावाजलेल्या संस्थेतून पदवी घेतलेला पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी. वडील गुलामगिरीत जन्मलेले, पुढे सुतारकाम आणि बांधकाम करणारे. टेलर यांना मोठ्या शहरात ऑफिस टाकता आलं असतं. ते इथे आले, मुलांना ड्रॉइंग शिकवलं आणि कॅम्पसच्या कितीतरी इमारतींचे आराखडे काढले.

त्यांची आवडती इमारत म्हणजे १८९८ मध्ये पूर्ण झालेलं चॅपल, प्रार्थनागृह. पुढे त्यात रंगीत काचांच्या खिडक्या बसल्या. त्यांना 'गाणाऱ्या खिडक्या' म्हणतात, कारण गुलामगिरीच्या काळात जन्मलेल्या भक्तिगीतांची चित्रं त्यांच्यावर आहेत. १९४२ च्या डिसेंबरात म्हातारे टेलर याच चॅपलमध्ये कोसळले आणि त्याच दिवशी गेले.

१९५७ मध्ये वीज पडून ते चॅपल जळालं. आज दिसतं ते १९६९ चं, पॉल रुडॉल्फ या आर्किटेक्टच्या कल्पनेतलं आणि फ्राय व वेल्च या कृष्णवर्णीय आर्किटेक्टांनी तडीस नेलेलं. दिसायला एकदम वेगळं : तिरक्या भिंती, छपरातून झिरपणारा उजेड, काटकोन शोधून सापडत नाही म्हणतात. पण दोन गोष्टी राहिल्या. भिंती विटांच्याच आणि गाणाऱ्या खिडक्या पुन्हा करून बसवलेल्या. चॅपलजवळच्या स्मशानभूमीत वॉशिंग्टन आणि कार्व्हर, दोघांच्याही कबरी आहेत.

जाता जाता दोन जागा. 'द ओक्स' हे वॉशिंग्टन यांचं घर, टेलर यांच्या आराखड्यावर विद्यार्थ्यांनी बांधलेलं, आता राष्ट्रीय स्मारकाचा भाग. आणि कार्व्हर म्युझियम, जे आधी कॅम्पसची लाँड्री होती. भंगारातून प्रयोगशाळा उभी करणाऱ्या माणसाचं म्युझियम कपडे धुण्याच्या इमारतीत असावं, हे शोभून दिसतं, नाही का?

थांबा चौथा : पडदा उचलतोय की टाकतोय?

कॅम्पसच्या मधोमध एक ब्राँझचा पुतळा आहे. चार्ल्स केक या शिल्पकाराचा, १९२२ चा. सुटाबुटातले वॉशिंग्टन उभे आहेत आणि पायाशी बसलेल्या एका कृष्णवर्णीय माणसाच्या अंगावरचं जाड वस्त्र उचलतायत. अज्ञानाचा पडदा दूर केला, असा अर्थ. त्या माणसाच्या मांडीवर पुस्तक आहे, बाजूला ऐरण आणि अवजारं.

१९३३ मध्ये राल्फ एलिसन नावाचा मुलगा इथे संगीत शिकायला आला. पुढे तो मोठा लेखक झाला. १९५२ च्या त्याच्या 'इन्व्हिजिबल मॅन' कादंबरीत अशाच एका पुतळ्यासमोर उभा असलेला नायक गोंधळतो : हा हात पडदा वर घेतोय, की आणखी घट्ट खाली ओढतोय?

हा नुसता लेखकाचा खेळ नव्हता. १८९५ मध्ये वॉशिंग्टन यांनी अटलांटा शहरात भाषण केलं. त्याचा सूर असा, की सध्या राजकीय हक्कांसाठी भांडण्यापेक्षा आपण कामात, धंद्यात पुढे जाऊ. गोऱ्या श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या, देणग्याही वाढल्या. पण १९०३ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस या विद्वानाने जोरदार टीका केली : मतदानाचा हक्क आणि उच्च शिक्षण सोडून नुसती कारागिरी शिकवली, तर ही मुलं कायम खालच्याच पायरीवर राहतील. म्हणजे चिखल बघून चिडलेल्या पालकांचाच प्रश्न, फक्त मोठ्या पातळीवर.

थांबा पाचवा : ज्या इमारतीसमोर आवाज खाली येतो

हे जुनं जॉन अँड्र्यू हॉस्पिटल. १९१३ मध्ये सुरू झालं. आजूबाजूच्या हॉस्पिटलांत कृष्णवर्णीयांना नीट वागणूक मिळत नसे, त्या काळात हा मोठा आधार होता.

पण १९३२ मध्ये अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्याने या भागातल्या ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास सुरू केला. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस हा आजार होता. त्यांना ते सांगितलंच नाही. 'रक्त खराब आहे, मोफत उपचार करतो' एवढंच सांगितलं. खरा हेतू होता, उपचार न केल्यावर आजार कसा वाढतो ते बघायचं. १९४० च्या दशकात पेनिसिलिन आलं, तरी दिलं नाही. तपासण्यांसाठी हे हॉस्पिटलही वापरलं गेलं. १९७२ मध्ये वर्तमानपत्रांत बातमी फुटली तेव्हा कुठे हे थांबलं. म्हणजे तब्बल चाळीस वर्षं! १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी देशाच्या वतीने माफी मागितली.

आज त्याच इमारतीत वैद्यकीय संशोधनातल्या नैतिकतेचा अभ्यास करणारं केंद्र आहे. आपण एखाद्या चाचणीआधी संमतीच्या फॉर्मवर सही करतो ना, त्या नियमांना पुढे बळकटी आली, त्यामागे या माणसांची फसवणूक आहे. विश्वासाने उभ्या राहिलेल्या कॅम्पसवर तोच विश्वास मोडला गेला, हेही टूरमधून गाळता येत नाही.

तर मग, पडदा वर की खाली?

मी दोन्ही बाजू ऐकून एवढंच म्हणेन. डू बॉइस यांची भीती खरी होती. हक्क नुसत्या कष्टाने मिळाले नाहीत, त्यासाठी पुढे मोठा लढा द्यावा लागला. पण वीट पाडायला शिकलेला माणूस तिथेच थांबला असंही झालं नाही. १९१२ पासून वॉशिंग्टन आणि ज्यूलियस रोझेनवाल्ड या उद्योगपतीने खेड्यापाड्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा बांधायला मदत केली. सुरुवातीचे आराखडे टस्कीगीतूनच गेले. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, श्रमदान केलं. वीस वर्षांत जवळपास पाच हजार शाळा झाल्या! आणि १९४१ मध्ये याच गावाजवळच्या मोटन फील्डवर अमेरिकी सैन्यातले पहिले कृष्णवर्णीय वैमानिक तयार व्हायला लागले. खुराड्यातल्या वर्गापासून विमानापर्यंत, साठ वर्षं.

आता तुमच्यासाठी होमवर्क. तुमच्या शाळेची किंवा कॉलेजची इमारत कुणी बांधली, शोधा. जमीन कुणी दिली, वर्गणी कुणी काढली, गवंडी कोण होते? दारावरच्या पाटीवर देणगीदाराचं नाव असेल, गवंड्याचं बहुतेक नसेल. एखाद्या जुन्या शिपाईकाकांना किंवा निवृत्त बाईंना विचारा आणि आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. चांगल्या गोष्टी पुढच्या भागात ऐकवू.

भेटू लवकरच. तोपर्यंत ऐकत राहा!