काल का आला नाहीस?

कोल्हापुरात रंकाळ्यावर पहाटे फिरणाऱ्यांत हल्ली मनगटाकडे बघत चालणारे बरेच दिसतात. शालिनी पॅलेसच्या बाजूला क्षणभर थांबून पावलं बघायची, दहा हजाराला किती कमी पडली ते सोबत्याला सांगायचं. दोन-तीन महिन्यांत त्यातले कितीतरी दिसेनासे होतात. पुढे बाजारात भेटले की म्हणतात, "आमच्यात चिकाटीच नाही बघा."

हा पहिला गैरसमज, आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारा. आरोग्याचा डिजिटल कार्यक्रम अर्ध्यावर सोडणं ही जगभरची गोष्ट आहे. गुंथर आयझेनबाख या संशोधकाने २००५ मध्येच तिला 'गळतीचा नियम' म्हटलं होतं. जिथे गळती सगळीकडेच होते, तिथे एकेकट्या माणसाला आळशी ठरवणं अन्यायाचं आहे.

त्यातून दहा हजारांचा आकडा मुळात वैद्यकशास्त्रातून आलेलाच नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, जपानमध्ये पावलं मोजण्याचं एक यंत्र विकायला आलं. त्याचं नाव 'मान्पो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. विक्रीसाठी घेतलेलं ते नाव पुढे उद्दिष्ट होऊन बसलं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे १७ हजार वयस्कर महिलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय ७२ होतं. दिवसाला २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण स्पष्टपणे कमी होतं आणि ७५०० च्या पुढे फायदा वाढताना दिसला नाही. म्हणजे साडेचार हजारांवर 'आज पण राहिलंच' म्हणून खट्टू होणाऱ्या आजींनी खरं तर चांगलं काम केलेलं असतं.

एकवीस दिवसांत सवय लागते, हेही असंच. मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने १९६० च्या पुस्तकात लिहिलं होतं की बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात. त्यातला 'किमान' गळाला आणि आकडा तेवढा उरला. लंडनमधल्या ९६ जणांच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला तब्बल २५४. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. पण बऱ्याच अ‍ॅपमध्ये एक दिवस चुकला की सलग दिवसांची मोजणी पुन्हा शून्यावर येते. घरात लग्न निघतं, पावसाळ्यात पंचगंगेला पूर येतो, ऊसतोडणी सुरू होते. इथल्या माणसाचा दिवस चुकणारच. शून्य बघून तो अ‍ॅपच उघडायचं सोडतो.

महागडं घड्याळ घेतलं म्हणजे वजन उतरतंच असंही नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या प्रयोगात ४७१ तरुण होते. दोन्ही गटांना आहार-व्यायामाचं मार्गदर्शन होतं. अंगावर यंत्र बांधणाऱ्यांचं वजन सरासरी ३.५ किलोने उतरलं, न बांधणाऱ्यांचं ५.९ किलोने. उलट चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३७ पुरुषांवर प्रयोग केला, त्यात साधन होतं फक्त मोबाइलवरचा एसएमएस. दोन वर्षांत संदेश मिळालेल्यांपैकी १८ टक्क्यांना मधुमेह झाला, न मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांना.

मग माणूस टिकतो कशाने? याचं मला सगळ्यात पटलेलं उत्तर मुंबईतून आलं आहे. डॉ. अपर्णा हेगडे यांच्या 'अरमान' संस्थेचा 'एममित्र' हा कार्यक्रम गरोदर बायांना आणि नव्या आयांना नियमितपणे फोनवर ध्वनिसंदेश ऐकवतो. भाषा त्यांच्या पसंतीची, वेळही. वाचता येण्याची अट नाही, साधा फोन पुरतो. तरीही हळूहळू बऱ्याच जणी ऐकायचं सोडतात. आरोग्यसेविकेने स्वतः फोन केला तर काही परत येतात, पण सेविका मोजक्या आणि बाया हजारो. म्हणून गूगलच्या संशोधकांना घेऊन सुमारे २३ हजार महिलांवर सात आठवडे एक प्रयोग झाला. एका गटात असे फोन नव्हतेच, दुसऱ्यात सरळ क्रमाने होते, तिसऱ्यात कुणाला फोन केल्याने खरोखर फरक पडेल ते संगणकाने सुचवलं. क्रमाने केलेल्या फोनांनी लक्षणीय फरक पडला नाही. निवडून केलेल्या फोनांनी गळती सुमारे ३० टक्क्यांनी घटली. यंत्राने फक्त नाव सुचवलं. बोलली ती सेविकाच.

कोल्हापूरकराला हे नवं वाटायला नको. तालमीत पोरगं चार दिवस फिरकलं नाही की वस्ताद कुणाला तरी घरी धाडतात, नाहीतर रस्त्यात गाठून विचारतात, "काल का आला नाहीस?" ते सगळ्यांना सारखं विचारत नाहीत. कोण आपसूक येईल आणि कोणाला हाक मारावी लागेल, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

म्हणून अ‍ॅप निवडताना मी आता तीनच गोष्टी बघतो: ते मराठीत बोलतं का, मध्ये खंड पडला तर शून्यावर न आणता परत घेतं का आणि पलीकडे विचारपूस करणारं माणूस आहे का. माझ्या आईला साखर निघाली तेव्हा मी तिच्या फोनवर इंग्रजी अ‍ॅप घालून दिलं होतं. दुसऱ्या आठवड्यात तिने ते उघडणं थांबवलं, आणि मी तिच्यावरच चिडलो. आता शेजारच्या काकू सकाळी सहाला फोन करतात, "येताय न्हवं?" आई तोवर चपला घालून दारात उभी असते.