व्यसनांत सांपडलेला मुलगा आणि त्याचें घर

पुण्याहून सोलापुरास जातांना कुर्डुवाडीच्या थोडें अलीकडे केम नांवाचें स्टेशन लागतें. करमाळें तालुक्यांतील हें गांव कुंकवाच्या धंद्याविषयीं प्रसिद्ध आहे. अशा गांवांतल्या एकाद्या सुशिक्षित, एकत्र कुटुंबांतला मुलगा पुण्यास शिकावयास आहे असें समजूं. दिवाळीस तो घरीं येतो. रात्रभर जागतो, दिवसां निजून राहतो; अंगावरचें मांस झडलेलें, बोलणें तुटक, नजर चुकविणारी. आणि आठवडा उलटत नाहीं तों आजीच्या पेटींतली पाटली नाहींशी होते. त्या घरानें काय करावें?

हें घर आम्हीं कल्पिलेलें आहे. प्रश्न मात्र कल्पित नाहीं. २०२३ च्या ऑक्टोबरांत सोलापुरानजीक चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतींत एम.डी. म्हणजे मेफेड्रोन तयार करण्याचा कारखाना पोलिसांनीं उघडकीस आणला. २०२४ च्या फेब्रुवारींत दौंड तालुक्यांतील कुरकुंभ येथें तसाच प्रकार सांपडून शेंकडों किलो माल हातीं लागला. केमचा मुलगा पुण्यास ज्या गाडीनें जातो, तिच्याच वाटेवर दौंड आहे. तेव्हां ही आपत्ति आतां दूरची राहिलेली नाहीं.

ज्या द्रव्याचा जगभर बोभाटा झाला तें क्रॅक, म्हणजे कोकेनवर क्रिया करून केलेले ओढावयाचे खडे. त्याचा धूर कांहीं सेकंदांत मेंदूवर अंमल करतो आणि पांचदहा मिनिटांत तो अंमल ओसरतो. ओसरतांच मन इतकें खिन्न होतें कीं हात पुन्हां खड्याकडेच जातो. एम.डी. हें रसायन निराळें. पण जात तीच, उत्तेजकाची. झोंप व भूक मारावयाची, क्षणभर सर्व कांहीं आपल्या मुठींत आहे असें भासवावयाचें आणि मागाहून माणसास रितें करून सोडावयाचें, हा दोहोंचा धर्म सारखाच आहे. म्हणून उपचाराचा मार्गही बराचसा एकच.

तो मार्ग सांगण्यापूर्वीं, आपल्या घरांत बहुधा काय घडतें तें स्पष्ट बोललेलें बरें. प्रथम गोष्ट दाबली जाते. मोठे काका रागें भरतात, आजी नवस बोलते, वडील गुपचूप मुलाची देणीं फेडतात. हें सारें फसलें म्हणजे “याचे दोनाचे चार हात करा, आपोआप ताळ्यावर येईल,” असा निकाल होतो. म्हणजे आपल्या मुलाचा आजार झांकण्यासाठीं दुसऱ्याची निरपराध मुलगी! केमचें कुंकू जिच्या कपाळीं लागावयाचें, तिला व तिच्या आईबापांस अंधारांत ठेवून हें करणें ही आमच्या मतें उघड फसवणूक आहे. आणि त्यानें मुलगाही बरा होत नाहीं. पूर्वीं क्षयरोग झाला कीं घरें तो असाच लपवीत, आणि उपचाराचे मोलाचे महिने त्या लपविण्यांत जात. व्यसन हा आजार आहे हें एकदां मानलें, कीं लपविण्याचें कारणच उरत नाहीं.

व्यसनी माणसाकडे गुन्हेगार म्हणून पाहावयाचें कीं रोगी म्हणून, ह्याचीं दोन उत्तरें एकाच वर्षीं जगापुढें आलीं. १९८६ सालीं अमेरिकेंत असा कायदा झाला कीं पांच ग्रॅम क्रॅकच्या व्यापारास पांचशें ग्रॅम कोकेनच्या व्यापाराइतकीच, म्हणजे निदान पांच वर्षांची कैद व्हावी. तुरुंग भरले, व्यसन राहिलें. आणि २०१० सालीं त्या राष्ट्रानेंच हें शंभरास एकाचें प्रमाण अठरास एक असें खालीं आणलें. त्याच १९८६ सालच्या २९ ऑगस्टला पुण्यास येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारांत ‘मुक्तांगण’ उघडलें. त्या वेळीं शहरांत गर्दनें अनेक तरुण ग्रासले होते. श्री. अनिल अवचट यांनीं त्याविषयीं लिहिलें, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनीं एक लाख रुपयांचें साह्य दिलें. आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनीं हें काम अंगावर घेतलें. १९९७ सालीं त्या निवर्तल्या, परंतु संस्था वाढतच गेली.

तेथील पद्धति पाहिली म्हणजे उपचार कशास म्हणतात हें कळतें. सुमारें पांच आठवडे रोग्यानें तेथें राहावयाचें. पहांटे उठणें, श्रमदान, योग, सामुदायिक चर्चा, समुपदेशकाशीं मनमोकळें बोलणें असा दिनक्रम. समुपदेशकांपैकीं कित्येक स्वतः ह्याच आगींतून बाहेर पडलेले. त्यामुळें त्यांच्यापुढें बतावणी चालत नाहीं. रोग्यांच्या पत्नींसाठीं ‘सहचरी’ नांवाचा गट आहे. आम्हांस ह्यांतील मर्म असें वाटतें कीं उपचार एकट्या मुलावर होत नाहीं, घरावरही होतो.

उत्तेजकांच्या बाबतींत आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. गर्दच्या रोग्यास बुप्रेनॉर्फिनसारखें औषध देतां येतें. कोकेन अगर एम.डी. यांवर तसें सिद्ध झालेलें औषध अद्याप नाहीं. म्हणून खात्रीच्या गोळ्यांच्या जाहिरातींस भुलूं नये. येथें गुण येतो तो समुपदेशनानें, नियमित दिनचर्येनें आणि धीरानें. लघवीच्या तपासणींत द्रव्य आढळलें नाहीं कीं लहानसें बक्षीस द्यावयाचें, ही साधी दिसणारी रीत परदेशांत फार गुणकारी ठरली आहे. द्रव्य सुटल्यावर पहिले कांहीं दिवस मुलगा फार झोंपेल, फार खाईल आणि अतिशय खिन्न होईल. त्या दिवसांत त्यास एकटें सोडूं नये. आत्मघाताचे विचार ह्याच वेळीं येतात. छातींत दुखलें, आंचके आले किंवा भलतेंच भास होऊं लागले, तर तडक इस्पितळ गांठावें.

आतां केमच्या त्या घरानें जावें कोठें? जवळचें ठिकाण सोलापूर. तेथील डॉ. वैशंपायन स्मृति शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत मनोविकारतज्ज्ञांस प्रथम दाखवावें. राहून उपचार घ्यावयाचे तर पुण्याचें मुक्तांगण आहे. मुंबईकडे आप्त असतील तर १९८१ पासून वांद्र्यास चाललेलें कृपा फाउंडेशन आहे. नार्कोटिक्स ॲनॉनिमसच्या सभा पुण्यामुंबईंत भरतात. तेथें फी नाहीं आणि कोणी नांव विचारीत नाहीं. घरबसल्या सल्ला हवा तर केंद्र सरकारचा १४४४६ हा क्रमांक व्यसनमुक्तीसाठीं आणि १४४१६ हा मनाच्या आजारांसाठीं आहे. दोन्ही विनामूल्य आहेत.

“पोलिसांचें झेंगट मागें लागेल,” ही भीति पुष्कळांस वाटते. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यांत ६४-अ हें कलम आहे. केवळ सेवनाबद्दल किंवा अल्प प्रमाणांतील द्रव्याबद्दल ज्याच्यावर आरोप आहे, त्यानें आपण होऊन सरकारमान्य ठिकाणीं उपचार घेतले व ते पुरे केले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळूं शकतें. तसेंच २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें मद्य व मादक द्रव्यांपासून उद्भवणारे विकार मानसिक आजारांत गणले आहेत. त्या कायद्याप्रमाणें रोग्यास साखळदंडानें बांधणें निषिद्ध आहे आणि संस्थेची नोंदणी आवश्यक आहे. म्हणून कोणत्याही केंद्राच्या दारांत चार प्रश्न विचारावे: नोंदणी आहे काय? डॉक्टर केव्हां येतात? आम्हांस भेटूं द्याल काय? बाहेर पडल्यानंतर काय व्यवस्था? ह्यांपैकीं एकाचेंही उत्तर टाळलें गेलें, तर मुलास घेऊन परत फिरावें.

मुलगा परत आल्यावर घराची परीक्षा सुरू होते. त्याच्या हातीं रोख पैसे देऊं नयेत. पण ताटावर बसला असतां टोमणाही मारूं नये. एकदां पाय घसरला म्हणजे सर्व फुकट गेलें असें समजूं नये. मधुमेहाच्या रोग्याची साखर पुन्हां वाढली तर आपण त्याला घराबाहेर काढीत नाहीं, पुन्हां डॉक्टरकडे नेतों. तसेंच येथेंही करावें. लग्नाचा विषय मात्र मुलगा पुष्कळ काळ स्थिर राहीपर्यंत काढूं नये, आणि काढल्यास मुलीकडच्यांपासून कांहींएक लपवूं नये.

चारचौघांत काय होईल ह्या विचारानें जीं घरें गप्प बसतात, त्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे: मुलाच्या आजारानें घराची अब्रू जात नाहीं. आजीची पाटली गेली ती पुन्हां करतां येईल. तिच्या पेटीस कुलूप घालण्यापूर्वीं सोलापूरची गाडी केव्हां आहे तें पाहावें आणि मुलाबरोबर घरांतील एका वडील माणसानें जावें.