दोन रोजनिश्या

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमधली हायकोर्टाची लाल इमारत १८९२ सालची. इथल्याच एका न्यायमूर्तींमुळे दोन रोजनिश्या शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात.

पहिली काल्पनिक. जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ या कादंबरीतला (१९४९) विन्स्टन ती चोरून लिहितो आणि पकडला जातो. तिथले सरकार जुनी वर्तमानपत्रेही बदलते. नकोसा माणूस कधी नव्हताच, असे ठरते. ही निव्वळ कल्पना नव्हती. रशियात पोलीसप्रमुख येझोव्हला १९४० मध्ये गोळी घातली गेली आणि हुकूमशहा स्टालिनसोबतच्या छायाचित्रातूनही त्याला पुसून टाकले गेले.

दुसरी रोजनिशी खरी, मद्रासच्या मध्यवर्ती तुरुंगातली. आणीबाणीत, ३१ जानेवारी १९७६ रोजी द्रमुक सरकार बरखास्त झाले. खासदार चित्तीबाबू आणि करुणानिधींचे पुत्र स्टालिन यांना ‘मिसा’खाली डांबले गेले. रशियन हुकूमशहाचेच नाव लाभलेल्या या तरुणावरचे घाव चित्तीबाबूंनी अंगावर झेलले, असे सांगतात. १९७७ च्या जानेवारीत ते वारले. मार्चमध्ये मतदारांनी केंद्रातले सरकार बदलले आणि न्यायमूर्ती इस्माईल आयोगाने तुरुंगातल्या मारहाणीची नोंद केली.

आणीबाणी म्हणजे स्टालिनचा रशिया नव्हे. विन्स्टनची वही सरकारच्या हाती पडली. चित्तीबाबूंची वाचकांच्या हाती आली.