प्रश्न शेवटी येतो

‘तू कुठे चाललास?’ हे भारतीय सांकेतिक भाषेत विचारताना प्रश्न शेवटी येतो. आधी तू, मग जाणं, आणि अखेरीस जागेची खूण अन् प्रश्नाची खूण. चेहरा आणि प्रश्न म्हणजे ‘कोण’, वेळ आणि प्रश्न म्हणजे ‘केव्हा’. उल्रिके झेशान या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी हे व्याकरण बारकाईने मांडलं. त्याआधी आपण सरसकट ‘हातवारे’ म्हणून मोकळे व्हायचो. आणि हातवाऱ्यांना व्याकरण नाही असं एकदा धरलं, की वर्गात मुलांचे हात खाली करायला कुणाचीच हरकत उरत नाही. १८८० मध्ये मिलानच्या कर्णबधिर-शिक्षण परिषदेने तोंडी पद्धतीचाच, म्हणजे खुणांऐवजी बोलण्यातून शिकवण्याचाच, पुरस्कार केला. त्याची सावली जगभरच्या कर्णबधिर शाळांवर शंभर वर्षं राहिली.

आपल्याकडे मुंबईत, वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ची. श्रवणचाचणी, श्रवणयंत्रं, वाचा-उपचार हे तिचं मुख्य काम. याच संस्थेत २००१ साली सांकेतिक भाषेचा कक्ष उघडला, पुढे दुभाष्यांचा अभ्यासक्रम सुरू झाला. कान तपासणाऱ्या संस्थेत हातांच्या भाषेला खोली मिळाली, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण या भाषेच्या अभ्यासाचा पाया त्याआधीच घातला गेला होता. मदन वशिष्ठ मूळचे हिमाचलचे. अकराव्या वर्षी त्यांना ऐकू येईनासं झालं. पुढे ते अमेरिकेत गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या विद्यापीठात शिकले. १९७०च्या दशकाच्या अखेरीस वुडवर्ड आणि विल्सन या संशोधकांसोबत त्यांनी दिल्ली, कलकत्ता, मुंबई आणि बंगळूरच्या खुणा जमवल्या. सुमारे ७५ टक्के खुणांचं एकमेकींशी नातं निघालं. म्हणजे ही इथलीच, स्वतंत्र भाषा. ती मोजायला बसलेल्यांत एक जण स्वतः कर्णबधिर होता, ही गोष्ट मी त्या टक्केवारीइतकीच महत्त्वाची मानतो.

२०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने संवादाच्या व्याख्येत सांकेतिक भाषा घेतली आणि ती येणारे शिक्षक नेमण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. केंद्राचा शब्दकोश २०२१ मध्ये दहा हजार शब्दांवर पोचला. तो चित्रफितींचा आहे, जबलपूरच्या रांझीतल्या मराठी घरातही फोनवर उघडतो. मात्र बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. त्या आईला, आजीला ही भाषा गल्लीत येऊन शिकवणार कोण? चेहऱ्याची खूण, मग प्रश्नाची.