फुलांवर बर्फाची गोधडी

सप्टेंबरातली सकाळ आहे असं धरा पोरांनो, आणि इटलीच्या पार उत्तरेच्या टोकाला, आल्प्सच्या कुशीत, फिन्श्गाऊ नावाच्या खोऱ्यातून एक सायकलवाला चालला आहे. देश इटली, पण माणसं घरात बोलतात जर्मन, कारण पहिल्या महायुद्धापर्यंत हा सगळा मुलूख ऑस्ट्रियाच्या बादशहाचा होता. म्हणून तिथं गावागावाला दोन-दोन नावं, आपल्याकडं लेकीला माहेरचं एक आणि सासरचं एक असतं तशी. आदिजे नदीच्या काठाकाठानं खास सायकलींसाठी वाट आहे आणि वाटेच्या दोन्ही अंगांना सफरचंदाच्या बागा, त्याही अशा, की आपल्या नाशकाकडच्या द्राक्षांसारख्या तारांना बांधलेल्या, झाडं बुटकी, आणि फळांचा भार इतका की पानं शोधावी लागतात. आपल्या गड्यानं वाटेतच चार सफरचंदं विकत घेतली आहेत, आणि सदऱ्याला पाठीमागून खिसे असतात ना सायकलवाल्यांच्या, त्यात ती कोंबली आहेत. त्याला आज स्टेल्व्हिओचा घाट चढायचा आहे. पण चढू दे त्याला सावकाश, घाट कुठं पळून जात नाही. आधी त्या खिशातल्या सफरचंदाची गोष्ट ऐका.

या खोऱ्यात पाऊस वर्षाकाठी 500 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या माणदेशाची बरोबरी. चारही बाजूंना बर्फाचे डोंगर, आणि मध्ये हे कोरडं ठणठणीत खोरं! ढग येतात, पण बाहेरच्या बाजूलाच डोंगराला अडून तिथंच रिते होतात, आणि आत पोचतो तो नुसता वारा. उन्हाकडं तोंड केलेला उतार तर असा रखरखीत, की गवताची काडी पायाखाली कुरकुरते, आणि समोरच्याच सावलीच्या उतारावर हिरवंगर्द अरण्य. एका नदीचे दोन काठ, पण एक सावत्र वाटावा असा.

मग शेती पिकते कशावर? वरच्या बर्फावर. तिथल्या शेतकऱ्यांनी शेकडो वर्षांपूर्वी हिमनद्यांचं वितळलेलं पाणी डोंगराच्या कडेकडेनं पाट काढून खाली आणलं, आणि जिथं उभा कडा आडवा आला तिथं लाकडाच्या पन्हळी कड्याला टांगून त्यातून ते पुढं नेलं. पाणी आलं म्हणजे पाळ्या आल्या, पाळ्या आल्या म्हणजे भांडणं आली आणि भांडणं आली म्हणजे पाटकरी आला. हे शास्त्र आल्प्सपासून सह्याद्रीपर्यंत सारखंच आहे. पण तिथल्या पाटकऱ्याची एक युक्ती मला फार आवडते. पाटावर तो एक लहानसं लाकडी चाक बसवी. पाण्यानं चाक फिरलं की एक हातोडा उचलला जाई आणि टण्ण करून घंटेवर पडे, पुन्हा उचलला जाई, पुन्हा टण्ण. रात्रभर डोंगरात तो आवाज. घंटा वाजते आहे तोवर पाटकऱ्याला घोर नाही, आणि ती गप्प झाली की समजायचं, वर कुठं तरी दरड बसली, पन्हळ फुटली किंवा पाण्यात पालापाचोळा अडकला, आणि मग कंदील घेऊन निघायचं. आवाज झाला म्हणून जागी होणारी माणसं सगळीकडं असतात, हा गडी आवाज थांबला म्हणून जागा होई!

आता एप्रिल. सफरचंद फुलावर आलं आहे, पांढऱ्या पाकळ्या, कडेला गुलाबी झाक, आणि एका रात्री आभाळ स्वच्छ होऊन थंडी अशी उतरते की पारा शून्याच्या खाली जाऊ लागतो. उमललेलं फूल म्हणजे तान्हं बाळ. उणे दोन-तीन अंशांत आतला गाभा काळा पडतो, आणि गेलेलं फूल म्हणजे गेलेलं फळ. आपल्याकडं निफाडला अशा रात्री बागाईतदार द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात, ते तुम्ही पाहिलं असेल. फिन्श्गाऊतला बागाईतदार मात्र असं काही करतो की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, याचं डोकं फिरलं. तो पाणी सोडतो. मध्यरात्री, कडाक्याच्या थंडीत, फुलांच्या डोक्यावर तुषारांचे फवारे! ते पाणी गोठतं, पुन्हा फवारा येतो, तेही गोठतं, आणि पहाटेपर्यंत प्रत्येक फूल काचेच्या हंडीत ठेवावं तसं बर्फात बंद होतं. आत पाकळ्या दिसतात, पुंकेसरसुद्धा मोजून घ्यावेत इतके स्वच्छ, आणि फांद्यांना बोटभर लांब बर्फाच्या सुया.

आणि फूल जगतं.

कसं ते सांगतो. बर्फ वितळवायला ऊब द्यावी लागते हे तुम्हाला ठाऊक आहे. मग उलट्या वाटेनं जाताना, पाण्याचा बर्फ होताना, ती ऊब परत मिळायला नको का? मिळते. पाणी सावकारासारखं घेतलेलं विसरत नाही, पण सावकारापेक्षा भलं, परत करायलाही विसरत नाही. आणि ती काही थोडीथोडकी नसते: एक लिटर पाणी गोठताना जेवढी उष्णता सोडतं, तेवढ्यात दुसरं एक लिटर बर्फगार पाणी 80 अंशांपर्यंत तापेल, म्हणजे हात घातला तर भाजेल. ही ऊब फुलाला मिळत राहते, आणि वर पाणी गोठत आहे तोवर फूल शून्य अंशाच्या आसपासच राहतं, बाहेर पारा त्याच्या खाली गेला तरी. शून्य त्याला सोसतं. फक्त एक पथ्य: फवारा मध्येच थांबता कामा नये. थांबला तर ओलाव्याची वाफ होऊ लागते, ती वाफ फुलाचीच ऊब ओढून नेते, आणि वाचवायला घातलेली गोधडी उलटी गळ्याशी येते. म्हणून सूर्य वर येऊन बर्फ सुटा होईपर्यंत तो माणूस बागेतून हलत नाही.

अशा रात्रीतून तगलेलं फळ आपल्या गड्याच्या खिशात आहे. तो एव्हाना प्राड गावात पोचला, आणि इथून घाट लागला.

हा घाट बांधला कार्लो दोनेगानी नावाच्या इंजिनिअरनं, 1820 ते 1825 या पाच वर्षांत. मिलानकडचा मुलूख तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता आणि बादशहाला तिकडं जायला रस्ता हवा होता. आपल्या बोरघाटातला गाडीरस्ता 1830 सालचा, म्हणजे दोघं एकाच पिढीतले. प्राडकडून वर 24 किलोमीटर, आणि त्यात 48 हेअरपिन वळणं. प्रत्येक वळणावर आकडा लिहिलेला, खाली 48 आणि वर 1, म्हणजे चढणाऱ्याला किती झालं ते नाही, किती उरलं ते कळावं. एवढी वळणं का, तर घोडागाड्यांसाठी. आपला गाडीवान भरली गाडी चढावर सरळ न घालता नागमोडी घालतो ना, तेच. डोंगराचं देणं तेवढंच राहतं, पै कमी होत नाही, पण हप्ते पाडून फेडता येतं.

आणि हे देणं किती? प्राडपासून खिंडीपर्यंत जवळजवळ 1840 मीटरची उंची. माणूस आणि सायकल मिळून 80 किलो धरा, आणि शरीर खाल्ल्या अन्नातला जेमतेम चौथा हिस्साच पायडलला देतं, बाकीची नुसती ऊब होते, हे लक्षात घ्या. हिशोब येतो पंधरा-सोळा सफरचंदांचा! खिशात चारच आहेत, म्हणजे बाकीचा भार सकाळच्या न्याहारीवर आणि कालच्या जेवणावर.

त्राफोई गाव आलं तेव्हाच तो जवळजवळ कळसूबाईच्या उंचीला आला, आणि घाट तर अजून निम्माही झाला नाही. देवदारासारखी झाडं हळूहळू खुजी होतात, मग संपतात. ऑर्टलरचं 3905 मीटरचं पांढरं शिखर अंगावर येतं. दगडांतून मार्मोट नावाचा मांजराएवढा खारीचा भाऊबंद शीळ घालतो, जो हिवाळ्यात सहा महिने बिळात झोपतो आणि तेव्हा त्याचं काळीज मिनिटाला चार-पाच ठोक्यांवर येतं. आपल्या गड्याचं मात्र दीडशेच्या वर धडधडतंय. हवाही विरळ झाली, खिंडीत तर ती समुद्रकाठच्या हवेच्या पाऊणपटही भरत नाही. 1953 साली इटलीची मोठी शर्यत या घाटातून पहिल्यांदा गेली तेव्हा फाउस्तो कोप्पीनं इथंच, या भिंतीसारख्या वळणांवर, पुढं असलेल्या ह्यूगो कोब्लेटला मागं टाकलं आणि ती शर्यत पाचव्यांदा जिंकली.

खिंड 2757 मीटरवर. तिथं टेकून त्यानं शेवटचं सफरचंद खाल्लं, मग सदऱ्याच्या आत छातीवर वर्तमानपत्र पसरलं. उतारावर घामेजल्या अंगाला वारा झोंबतो, आणि सायकलवाल्यांचा हा जुना उपाय आहे: कागद वारा अडवतो आणि मधली हवा अंगाच्या उबेनं तापून राहते. आणि निघाला खाली.

आता एवढी कमावलेली उंची जाते कुठं? थोडी वाऱ्याला ढकलण्यात, आणि बाकीची ब्रेकमध्ये. वळणावळणाला ब्रेक, वळणावळणाला घासणं. अर्ध्या वाटेवर एका वळणाच्या कठड्याशी तो थांबला. ब्रेकच्या चकतीला हात लावायची सोय नाही, सकाळपासूनची सगळी सफरचंदं तिथं तापून बसली आहेत. त्यानं बाटलीतलं पाणी, त्याच वरच्या बर्फाचं, बोटांवर घेतलं आणि एक थेंब चकतीवर सोडला.

चर्र.