चट्ट्याला स्पर्श का कळत नाही?

कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर टाचणी टोचली तरी अनेकदा कळत नाही. वर्ध्याजवळच्या दत्तपुरात मनोहर दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठसेवा सुरू केली, तेव्हाही हा बधिरपणा ठाऊक होता. त्यामागचा एक महत्त्वाचा दुवा सापडायला २००६ उजाडले. मज्जातंतूंभोवती श्वान (Schwann) पेशी मायलिनचे वेष्टण गुंडाळतात. हे काम कधी, किती करायचे याचे संदेश त्यांच्या पृष्ठभागावरचे ग्राही घेतात. ईआरबीबी-२ हा त्यांपैकी एक. तो दारावरच्या घंटेसारखा आहे: वाजली की आत काम सुरू होते, वाजवणारा कोण हे आत कळत नाही. मज्जातंतू घडताना ती वाजते तंतूकडून आलेल्या संदेशाने. कुष्ठजंतू मात्र तीच घंटा परस्पर, अवेळी दाबतो, वेष्टण गुंडाळले जाण्याऐवजी सुटू लागते आणि संवेदना वाटेतच अडखळते.

यावर आक्षेप असा, की मज्जातंतूंची हानी शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारातून, सुजेतून होते. ते खरेच आहे. मोठी हानी तिथूनच होते. पण हा प्रतिकार करणाऱ्या लसिका पेशी नसलेल्या उंदरांतही या जंतूमुळे वेष्टण झडले. म्हणजे सूज येण्याआधीच घाव सुरू होऊ शकतो, आणि म्हणूनच उशीर परवडणारा नाही. बधिर चट्टा दिसला तर सरकारी आरोग्य केंद्रात दाखवा. बहुविध औषधोपचार तिथे मोफत मिळतो.