अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर

मुंबई-आग्रा व सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळे शहराजवळ एकमेकांना छेदतात. शिरपूर, साक्री, शिंदखेडा या तालुक्यांतून, तसेच १९९८ साली स्वतंत्र झालेल्या नंदुरबार जिल्ह्यातूनही अत्यवस्थ रुग्ण येथील शासकीय सर्वोपचार रुग्णालयात व खाजगी रुग्णालयांत आणले जातात. रुग्ण आत जातो आणि दाराबाहेर त्याचे गणगोत वळकट्या, पाण्याचे डबे घेऊन बसते. थोड्या वेळाने डॉक्टर बाहेर येतात व 'श्वासनलिकेत नळी घालावी लागेल, कोण सही करणार?' असे विचारतात. जो पुढे उभा असेल तो सही करतो. पुष्कळदा तो चुलतभाऊ असतो, जावई असतो किंवा गावचा एखादा वजनदार गृहस्थ असतो. रुग्णाचे मन जिला सर्वाधिक ठाऊक, ती त्याची पत्नी भिंतीशी पदर धरून बसलेली असते व तिला कोणी विचारीत नाही.

कृत्रिम श्वसनयंत्र रोग बरा करीत नाही, ही गोष्ट नातेवाइकांना प्रथम समजावून सांगावयास हवी. फुप्फुसे वा मेंदू सावरेपर्यंत श्वासाचे काम यंत्र आपल्याकडे घेते, एवढेच. सर्पदंश किंवा विषबाधा झालेला तरुण अशा आधारावर काही दिवसांत उठून घरी जाऊ शकतो. दीर्घ आजाराने सर्व अवयव थकलेल्या वृद्धाच्या बाबतीत मात्र तेच यंत्र मरणाची प्रक्रिया लांबवीत असते. या दोहोंच्या मधल्या रुग्णांसाठी ठरावीक मुदतीचा उपचार हा मार्ग आहे. तीन-चार दिवस सर्व उपचार करावयाचे, कोणत्या खुणांवरून सुधारणा ओळखावयाची ते आधीच सांगावयाचे आणि मुदतीअंती पुन्हा एकत्र बसावयाचे. मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू ही याहून वेगळी अवस्था होय. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार डॉक्टरांचे मंडळ सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून ती प्रमाणित करते. तिला 'बेशुद्धी' म्हणणे म्हणजे कुटुंबाला खोटी आशा दाखविणे होय.

'आता तुम्हाला काय करावयाचे आहे?' हा प्रश्न वरवर आदराचा वाटतो, परंतु तो निर्दय आहे. त्यामुळे मुलाला वाटते की, वडिलांच्या जीवनमरणाचा निवाडा आपल्यालाच करावयाचा आहे. 'नको' म्हणावे तर आयुष्यभर मनाला टोचणी आणि 'करा' म्हणावे तर डोळ्यांदेखत यातना. याऐवजी विचारावयाचे ते असे: 'आबा स्वतः बोलू शकले असते, तर काय म्हणाले असते?' या प्रश्नाने निर्णयाचा भार मुलाच्या खांद्यावरून उतरतो. पूर्वी शेजारचा कोणी रुग्णालयात खितपत पडला असता आबा काय बोलले होते, ते मग घरातल्या कोणाला तरी आठवते. त्यानंतर डॉक्टरांनी आपला सल्ला स्पष्ट शब्दांत द्यावा. पर्याय मोजून दाखवून मागे सरणे हे कर्तव्य टाळणे ठरते.

नातेवाइकांचे ऐकून घेण्याचा परिणाम मोजला गेला आहे. फ्रान्समधील २२ अतिदक्षता विभागांत १२६ मरणासन्न रुग्णांच्या नातेवाइकांबाबत केलेली पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. निम्म्या कुटुंबांशी नेहमीप्रमाणे, तर उरलेल्यांशी निवांत बसून बोलणे झाले व त्यांना एक माहितीपत्रकही देण्यात आले. पहिल्या गटातील नातेवाईक त्या बैठकीत सुमारे ५ मिनिटे बोलू शकले, दुसऱ्या गटातील १४ मिनिटे. तीन महिन्यांनी पहिल्या गटात शेकडा ६९ जणांमध्ये मानसिक आघाताची लक्षणे आढळली, तर दुसऱ्या गटात शेकडा ४५ जणांमध्ये. आपल्याकडे खाटा कमी व गर्दी अधिक, हे खरे. परंतु नऊ मिनिटांचा हा फरक कोणत्याही रुग्णालयाच्या आवाक्याबाहेरचा नाही.

निर्णय कोणी घ्यावयाचा, हा प्रश्न महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यापासून २०१५ साली मृत्यू येईपर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. २०११ च्या निकालात न्यायालयाने त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या त्या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा मानला, याचिका करणाऱ्या लेखिकेचा नव्हे. पुढे २०१८ साली सन्मानाने मरण येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरला आणि २०२३ साली त्यासाठीची कार्यपद्धती सुटसुटीत करण्यात आली. त्यानुसार उपचार करणारे डॉक्टर व दोन तज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ आणि जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेल्या डॉक्टरसह दुसरे मंडळ, अशा दोघांचे एकमत व्हावे लागते. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यावयाचे असते. कुटुंबाची लेखी संमती लागते आणि आधार काढण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावे लागते. सज्ञान व्यक्तीला आपली इच्छा आधीच लिहूनही ठेवता येते. दोन साक्षीदारांसमक्ष केलेला असा लेख नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी साक्षांकित करतात. त्याची प्रत नगरपालिका वा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जतन व्हावयाची असते. तेव्हा प्रस्तुत वाचकांपैकी काहींच्या मेजावर असा कागद उद्या येऊ शकेल. तो मृत्युपत्र समजून परत पाठवू नये.

पैशाचा प्रश्न उपचाराच्या प्रश्नात मिसळू देता कामा नये. 'घरी घेऊन जातो' या शब्दांमागे पुष्कळदा रुग्णाची इच्छा नसते, संपलेली पुंजी असते. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत धुळे होते. आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते आणि संलग्न रुग्णालयांत ठरावीक उपचारांसाठी कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. शेत गहाण टाकण्याआधी, पहिल्याच दिवशी, रुग्णालयातील आरोग्यमित्राला गाठले पाहिजे.

येथेच सरपंच व शिक्षक उपयोगी पडतात. घरात अहिराणी, भिल्ली वा पावरी बोलणाऱ्या माणसाला प्रमाण मराठीत मिसळलेले वैद्यकीय शब्द कळत नाहीत, तरी तो भिडेपोटी मान डोलावतो. गुरुजींनी जवळ बसून डॉक्टरांचे म्हणणे त्याच्या बोलीत सांगावे व 'तुला काय कळले?' असे त्यालाच विचारावे. डॉक्टरांशी रोज बोलणारा एकच नातेवाईक नेमून द्यावा. मात्र गावच्या मानकऱ्याने दुभाष्याचे काम करता करता निर्णय आपल्या हाती घेऊ नये. पत्नीला व मुलींना बैठकीत बोलावणे हे त्याच्या प्रतिष्ठेला अधिक शोभेल.

यंत्र काढले म्हणजे शुश्रूषा थांबली असे होत नाही. वेदना व धाप यांवरील औषधे चालू राहतात, ओठ ओले केले जातात, जवळच्यांना खाटेशी बसू देता येते. खानदेशातील अनेक घरांतील मुलगे सुरतेला कामास आहेत. मुलगा येऊन पोहोचेपर्यंत काही तास यंत्र चालू ठेवावे, अशी विनंती डॉक्टरांना करता येते. बहुतेक नातेवाइकांना हे ठाऊकच नसते.